विरोधात असताना पटतं, ते सत्तेत गेल्यावर का पटत नाही?

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतले सर्व पक्षांचे खासदार, आमदार, जिल्हाध्यक्ष, तालुकाध्यक्ष आणि त्यांचे गावोगावचे कार्यकर्ते यांस

विषय : हवामान बदलाची पक्षापक्षांत झालेली वाटणी

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एकाच पक्षाला लिहिलं असतं, तर बाकीच्या सगळ्यांनी ते आनंदाने पुढे पाठवलं असतं आणि ज्याला लिहिलं त्याने ‘बाई विरोधकांची आहे’ म्हणून बाजूला टाकलं असतं. म्हणून सगळ्यांना एकदमच लिहिते आहे. मी कोणत्याही पक्षाची सभासद नाही. आजवर तुमच्यातल्या एकाहून जास्त पक्षांना मत दिलंय, तेव्हा दोन शब्द सगळ्यांनाच सुनावायचा हक्क मला आहे असं धरून चालते.

दापोली तालुक्यात समुद्राला लागून आमचं गाव. घरामागे माड-पोफळींची वाडी, वर सड्याच्या कडेला थोडी हापूसची कलमं आणि खाडीच्या अंगाला खाजणातली भातजमीन, जी हल्ली पिकते कमी आणि खारवते जास्त. मुलगा मुंबईला असतो, वाडी मी बघते.

पत्राला निमित्त झालं आमच्या ग्रामसभेचं. गावातली काही तरुण मुलं आणि आम्ही बचत गटातल्या बायका, असा मिळून एक ठराव तयार केला होता. पुळणीवरची वाळूची टेकाडं आणि त्यांच्यावरचा केवडा कोणी काढायचा नाही. खारबंधाऱ्याची, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधाची, मोडलेली उघाडी (पाण्याची झडप) पावसाआधी दुरुस्त करून घ्यायची. वादळाचा इशारा आला की कोणत्या घरातली म्हातारी माणसं, आजारी माणसं, गरोदर बायका आधी हलवायची त्याची यादी करून ठेवायची. शाळेत जनरेटर आणि पिण्याच्या पाण्याची सोय करायची. एवढंच. वर मथळा होता, ‘हवामान बदल आणि आपलं गाव’.

ठराव वाचून होईपर्यंत सगळे नीट ऐकत होते. मग मागून कोणीतरी विचारलं, सूचक कोण? सूचक म्हणून ज्या मुलाचं नाव होतं, तो गेल्या निवडणुकीत एका पक्षाच्या प्रचाराच्या गाडीवर होता. झालं. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, हे हवामान बदलाचं खूळ त्यांच्या पक्षाचं, त्याला आम्ही कशाला हात वर करायचे? तिसरी बाजू म्हणाली, ठराव चांगला आहे, पण सूचक आमचा घाला. आवाज चढले, अर्धी सभा उठून गेली, गणपूर्ती मोडली, सभा तहकूब. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो ठराव आलाच नाही. टेकाडाचा एक भाग मात्र पर्यटकांच्या गाड्या लावायला हवा म्हणून जेसीबीने सपाट झाला. त्याचा सूचक कोण आणि अनुमोदक कोण, हे कुठल्याच बाजूने विचारलं नाही.

आपल्या राज्यात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. कायद्याने गावाला तेवढी तरी मोकळीक दिलेली आहे. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी ‘आमचे इतके सरपंच’ म्हणून तुम्ही सगळे जे आकडे देता, त्यांची बेरीज केली तर गावं कमी पडावीत.

ही गावातली धुसफूस म्हणून मी सोडूनही दिलं असतं. पण अशा धुसफुशीचं पुढे काय होतं, ते अमेरिकेत सगळ्या जगाने पाहिलंय. तिथेही हा विषय आधी कोणा एका पक्षाचा नव्हता. जून १९८८ मध्ये नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली की पृथ्वी तापते आहे आणि त्याला माणसाने हवेत सोडलेले वायू कारण आहेत. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार असलेले थोरले जॉर्ज बुश प्रचारात सांगत होते की या संकटावर व्हाइट हाऊसची ताकद लावून दाखवू. १९९२ साली रिओमध्ये हवामानाच्या आंतरराष्ट्रीय करारावर अमेरिकेची सही झाली, तीही या बुश यांच्याच कारकिर्दीत. इंग्लंडच्या मार्गारेट थॅचर यांना कोणी डावं म्हणणार नाही. त्या १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत याच विषयावर बोलल्या. १९९७ मध्ये, हवामानाच्या क्योटो कराराच्या आधी, अमेरिकी सिनेटने ठराव केला की विकसनशील देशांवर बंधनं नसलेला करार आम्हाला चालणार नाही. तो ठराव ९५ विरुद्ध ० मतांनी झाला. आपल्यासारख्या देशाला तो रुचण्यासारखा नव्हता, पण मतं पक्षावर फुटलेली नव्हती.

पुढे ती फुटली. तेल-कोळशाच्या धंद्याने शंका पसरवण्यात पैसा ओतला आणि पुढाऱ्यांना त्या शंकेत मतं दिसली. फेब्रुवारी २०१५ मध्ये सिनेटच्या पर्यावरण समितीचे अध्यक्ष जेम्स इन्होफ सभागृहात बर्फाचा गोळा घेऊन आले. बाहेर थंडी आहे, मग कसली तापते पृथ्वी, असा त्यांचा मुद्दा. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१७ मध्ये हवामानाच्या पॅरिस करारातून बाहेर पडायचं जाहीर केलं, बायडेन यांनी २०२१ मध्ये देशाला पुन्हा आत आणलं, २०२५ च्या जानेवारीत ट्रम्प यांनी पुन्हा बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली. त्याच वर्षी सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यांनी हवामान बदलाला जगातली सगळ्यात मोठी फसवणूक म्हटलं. आता तिथे एखाद्याचा पक्ष कळला की ‘पृथ्वी माणसामुळे तापते का’ या प्रश्नाचं त्याचं उत्तर बहुतेक वेळा न विचारता सांगता येतं.

मला त्यातलं फ्लोरिडाचं उदाहरण जास्त लागलं, कारण ते आपल्यासारखं किनाऱ्याचं राज्य. मे २०२४ मध्ये तिथल्या गव्हर्नरनी एका विधेयकावर सही करून राज्याच्या कायद्यांतले हवामान बदलाचे बरेचसे उल्लेख काढून टाकले. त्याच सप्टेंबरात ‘हेलीन’ आणि ऑक्टोबरात ‘मिल्टन’ अशी दोन मोठी चक्रीवादळं फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आली. वादळं कायद्याचा मजकूर वाचून येत नाहीत.

आपल्याकडे असं नाही, हे मला ठाऊक आहे आणि त्याचं श्रेय तुम्हा सगळ्यांना द्यायला हवं. डॉ. मनमोहन सिंग यांच्या सरकारने ३० जून २००८ ला हवामान बदलावरचा, आठ अभियानांचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. नरेंद्र मोदी यांनी ५ सप्टेंबर २०१४ ला शिक्षकदिनी शाळेच्या मुलांशी बोलताना सांगितलं होतं की हवामान बदललेलं नाही, आपण बदललो. म्हाताऱ्यांना दरवर्षी थंडी जास्त वाटते तसं. पण त्यांच्याच सरकारने २ ऑक्टोबर २०१६ ला पॅरिस करारावर शिक्कामोर्तब केलं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोत त्यांनीच २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा, म्हणजे जेवढे वायू सोडू तेवढे शोषून घेण्याचा, शब्द दिला. मत बदललं असेल तर चांगलंच झालं. श्रीमंत देशांनी हवा तापवली आणि भोगायची वेळ आपल्यावर आली, यावरही तुमच्यात दुमत नाही, आणि ते म्हणणं बरोबरच आहे. महाराष्ट्रात पर्यावरणाचं ‘माझी वसुंधरा’ अभियान एका सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू केलं, सरकार बदललं तरी ते बंद पडलं नाही. म्हणजे आमच्या ग्रामसभेत ज्याला ‘त्यांच्या पक्षाचं खूळ’ म्हटलं गेलं, ते तुम्ही सगळ्यांनी आळीपाळीने चालवलेलं आहे!

मग बिघडलं कुठे? बिघडलं ते इथे, किनाऱ्यावर. दिल्लीत आणि परिषदांत सगळ्यांनाच मान्य असलेली गोष्ट गावात, तालुक्यात, जिल्ह्यात आली की ती खुर्चीप्रमाणे मान्य किंवा अमान्य होते. अमेरिकेत नाकारणारा पक्ष निदान ठरलेला आहे. आमच्याकडे नाकारायची पाळी फिरत असते.

रिफायनरीचंच घ्या. वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करणारा प्रकल्प राजापूर तालुक्यात नाणारला येणार म्हणून एप्रिल २०१८ मध्ये सौदी अरामकोशी करार झाला. तेव्हा राज्याच्या सत्तेतच असलेला एक पक्ष त्याच्या विरोधात रस्त्यावर होता. लोकसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, मार्च २०१९ मध्ये, भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. जानेवारी २०२२ मध्ये त्याच पक्षाचे मुख्यमंत्री असताना केंद्राला पत्र गेलं की त्याच तालुक्यातल्या बारसूची जागा देता येईल. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर मातीपरीक्षण सुरू झालं, बायका उन्हात जमिनीवर आडव्या झाल्या, तेव्हा सत्ता गेलेली होती आणि तो पक्ष पुन्हा आंदोलकांच्या बाजूला होता. दुसरीकडे नाणारला कडाडून विरोध केलेली काही मंडळी पक्ष बदलल्यावर रिफायनरीचे फायदे समजावून सांगायला आली. एक पक्ष मात्र पहिल्यापासून प्रकल्पाच्या बाजूने राहिला. त्यांचं मत मला पटत नाही, पण ते जागेवर होतं एवढं कबूल करते.

या सगळ्या वर्षांत जमिनीच्या दरावर बोलणं झालं, कोणी आधी जमिनी घेऊन ठेवल्या त्यावर झालं, नोकऱ्यांवर झालं. नोकऱ्यांचा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. माझा मुलगा मुंबईला आहे तो हौसेने नाही, आणि आमच्या वाडीतली निम्मी घरं गणपती-शिमग्याला तेवढी उघडतात. पण एकदा उभी राहिलेली रिफायनरी चार-पाच दशकं चालते. २०७० चा शब्द दिलेल्या देशात ती आज कशी बसते, तिच्यातून निघणाऱ्या वायूंचा हिशेब कोणाच्या खात्यावर जाणार, हा प्रश्न तुमच्यापैकी कोणी भाषणात विचारला? विरोधातल्यांनीही नाही विचारला. त्यांना तो प्रश्न नको होता, कारण उद्या सत्ता आली तर त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. जैतापूरचं तसंच. ९,९०० मेगावॅटचा अणुप्रकल्प. अणुवीज कोळशाहून पुष्कळ कमी कर्ब सोडते ही एक बाजू, समुद्रात सोडलं जाणारं कोमट पाणी, मासेमारी आणि सुरक्षितता ही दुसरी. या दोन्हींवर एकाच सभेत शांतपणे बोलणारा पुढारी मला आजवर भेटलेला नाही.

यापुढची तक्रार पश्चिम घाटाची. घाटातला कोणता भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जपायचा, यावर डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. तो त्या वेळच्या केंद्र सरकारने दाबून ठेवला आणि माहिती अधिकारात लढाई झाल्यावर २०१२ मध्ये बाहेर आला. मग कस्तुरीरंगन समिती, तिचा २०१३ चा सौम्य अहवाल, आणि त्यावर २०१४ पासून २०२४ पर्यंत अधिसूचनेचे सहा मसुदे. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडच्या दरडीत शेकडो माणसं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे. खाणी, दगडखाणी, नवे औष्णिक वीजप्रकल्प यांना त्यात मनाई आहे. घरं बांधायला नाही, शेती करायला नाही, कलमं लावायला नाही. तरी कोकणात प्रत्येक पक्षाने लोकांना काय सांगितलं? उद्या घराचं कौल बदलायलाही दिल्लीची परवानगी लागेल. मी स्वतः हे भाषण दोन वेगवेगळ्या पक्षांच्या व्यासपीठांवरून ऐकलंय, जवळजवळ त्याच शब्दांत. एकमेकांची तोंडं न बघणारे तुम्ही इथे एकत्र येता. गावं वगळा, अशी मागणी राज्याकडून होत राहिली, सरकार कोणाचंही असो.

किनाऱ्याच्या नियमांतही तेच. १९९१ ची सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचना, मग २०११ ची, मग २०१९ ची. किनाऱ्याजवळच्या बांधकामाला सवलती वाढत गेल्या. दाट वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून बांधकाम न करायचं २०० मीटरचं अंतर ५० मीटरवर आलं. कोळीवाड्यातल्या माणसाला घर दुरुस्त करता यावं म्हणून सवलत हवी होती, ती रास्त होती. तिच्या आडून कोण आलं, ते कोणत्याही पुळणीवर उभं राहून मोजता येईल.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त बोचते. हवामान बदल तुम्हाला मान्य होतो, पण कधी? जबाबदारी अंगाशी आली की. बंधारा फुटला, की अभूतपूर्व पाऊस. रस्ता खचला, की ढगफुटी. निसर्गापुढे कोणाचं काय चालतं! प्रकल्पाच्या मंजुरीच्या वेळी हा शब्द कुठे दडून बसतो आणि चौकशीच्या वेळी कसा बाहेर येतो, हे समजत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली, आणि मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला. आज तेच घडलं तर खेकडे सुटतील आणि हवामान बदल पकडला जाईल, एवढाच फरक.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. त्याच दिवशी महाडजवळ तळियेवर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे पडायला लागला की पाऊस कोसळतो, हे खरं. पण चिपळुणात वाशिष्ठीच्या पात्रात गाळ साचलेला होता, भरतीची वेळ होती, कोळकेवाडी धरणाच्या पाण्यावरून वाद झाला. गाळ काढा म्हणून लोकांना उपोषणाला बसावं लागलं. आणि पुढे जेव्हा पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा आखली गेली, तेव्हा बांधकामं अडकतील म्हणून तिला विरोध झाला. लोकांचा विरोध मी समजू शकते, ज्याची आयुष्याची कमाई त्या रेषेत आली तो ओरडणारच. पण त्याला हाताशी धरून समजावणं, दुसरी जागा देणं हे तुमचं काम होतं. तुम्ही त्याच्याहून मोठ्याने ओरडलात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली, तेव्हाही तेच दौरे, तोच ताफा, तीच वाक्यं.

आता माझं स्वतःचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात वाड्याच्या वाड्या झोपल्या. पोफळ मुळासकट येते किंवा मध्ये मोडते, तिला उभं करता येत नाही. लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं, माडालाही तेवढीच. म्हणजे त्या पावसात ज्यांनी पुन्हा लावली, त्यांच्या हाताला उत्पन्न आता कुठे लागतंय. सुरुवातीला मदत जाहीर झाली ती हेक्टरी ५०,००० रुपये. आधीच्या १८,००० पेक्षा जास्त, हे मान्य. पण कोकणात वाडी हेक्टरात कोणाची असते? गुंठ्याला ५०० रुपये. दहा गुंठ्यांच्या वाडीला ५,०००, आणि पडलेली झाडं कापून बाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त. तेव्हा जे विरोधात होते ते बांधावर येऊन म्हणाले, ही थट्टा आहे. जे सत्तेत होते ते म्हणाले, ही इतिहासातली सगळ्यात मोठी मदत आहे. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं. मग सत्ता बदलली आणि दोघांनी वाक्यं बदलून घेतली. मी दोन्ही वेळा त्याच गडग्यापाशी उभी राहून ऐकत होते.

वादळं पूर्वीही येत होती, असं तुमचे कार्यकर्ते सांगतात. येत होती. नोव्हेंबर २००९ चं फयान तर फार जुनंही नाही. पण पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा २०२१ चा अभ्यास सांगतो की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली आणि अतितीव्र वादळं १५० टक्क्यांनी. बंगालच्या उपसागरात वादळं येतात, आपल्याकडे नाही, या भरवशावर आपली घरं, विजेचे खांब, बंदरं उभी आहेत. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार आणि पाठोपाठ महा आलं, हंगामाच्या ऐन दिवसांत होड्या बंदरात नांगरून पडल्या. २०२५ मध्ये तर मान्सून २६ मे ला मुंबईत पोहोचला, जिथे तो एरवी ११ जूनला अपेक्षित असतो. त्याआधीच दिवसचे दिवस पाऊस चालू. हापूस झाडावर, होड्या शाकारायच्या राहिलेल्या, आगोटीची (पावसाळ्याच्या बेगमीची) वाळवणं अंगणात, शेतातली भाजावळ अर्धवट. आंबा काढला तो कॅनिंगलाही कोणी हात लावेना. थंडी उशिरा पडते म्हणून मोहोर उशिरा, मोहोरावर अवेळी पाऊस म्हणून तुडतुडा आणि फुलकिडे, फवारण्यांचा खर्च वाढलेला, आणि शेवटी मार्चच्या उन्हात फळ भाजून गळतं. यावर हवामान आधारित फळपीक विमा आहे. त्याची भरपाई माझ्या बागेतल्या हवेवर ठरत नाही, महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या नोंदीवर ठरते. आमच्या मंडळाचं केंद्र आतल्या अंगाला, डोंगराच्या ओटीत आहे. समुद्रावरचा वारा तिथे पोहोचेपर्यंत विम्याच्या निकषाखाली आलेला असतो.

हे सगळं कोणत्या पक्षाचं नुकसान आहे, ते कोणी सांगू शकेल? गावात झेंडे वेगवेगळ्या घरांवर आहेत. पोफळी सगळ्यांच्याच पडल्या.

तर माझ्या मागण्या. भाषणाने उत्तर देता येणार नाही अशाच ठेवल्या आहेत.

१. प्रत्येक पक्षाच्या जिल्हा शाखेने तीन गोष्टींवर आपली भूमिका लेखी, सहीनिशी जाहीर करावी : रिफायनरी आणि कोळशावरचे नवे प्रकल्प, पश्चिम घाटाची अधिसूचना, सीआरझेडमधली पुढची कोणतीही सवलत. बाजूने असा, विरोधात असा, माझं काही म्हणणं नाही. पण निवडणुकीआधीची आणि नंतरची भूमिका एकच असली पाहिजे. बदलली, तर का बदलली ते त्याच सहीने सांगावं.

२. ग्रामसभेत खारबंधारा, उघाडी, पुळण, वादळाची तयारी या विषयांवर तुमच्या कार्यकर्त्यांना पक्ष बाजूला ठेवायला सांगावं. तोंडी नको, तालुकाध्यक्षाच्या पत्राने सांगा. आमच्या सभेतली माणसं वाईट नाहीत, ‘वरून’ काय वाटेल या भीतीने ती हात वर करत नाहीत.

३. फळपीक विम्यासाठी समुद्रकाठच्या गावांत वेगळी हवामान केंद्रं बसवावीत आणि त्यांच्या रोजच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात. नुकसानीची मदत नारळ-पोफळीच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून झाडामागे धरावी, हेक्टरात नको.

४. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या २०१५ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र होता. भूमिगत वीजवाहिन्या, निवारे, खारे पाणी अडवणारे बांध हे त्यातलं काम होतं. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत कुठे किती काम पुरं झालं, किती राहिलं, याचा हिशेब जिल्हा नियोजन समितीत दर वर्षी उघडपणे मांडावा. पालकमंत्री कोणाचाही असो. निसर्गनंतर कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, तेव्हा ही मागणी चैनीची नाही.

५. दुर्घटनेनंतर ‘हवामान बदलामुळे’ असं म्हणायचं असेल तर जरूर म्हणा. पण त्याच तोंडाने त्या जागी बांधकामाला, खोदाईला, भरावाला परवानगी कधी आणि कोणी दिली तेही सांगा.

पाचवी मागणी तुम्हाला सगळ्यात जड जाईल, याची कल्पना आहे. बाकीच्या चारांतल्या दोन तर फक्त कागद आणि सहीच्या आहेत, त्यांना निधीही लागत नाही.

पत्राची प्रत तालुक्यातल्या सर्व पक्षांच्या कार्यालयांत हातोहात देणार आहे. उत्तर लेखी हवं, फोनवर नको. ‘ताई, एकदा भेटून बोलू’ असंही नको. आमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत तोच ठराव आम्ही पुन्हा मांडतो आहोत, मथळ्यासकट. या वेळी सूचक मी आहे. तोवर कोणत्या पक्षाकडून उत्तर आलं आणि कोणाकडून नाही, ते सभेत वाचून दाखवीन आणि इथेही लिहीन.

आपली,
एक वाडीवाली मतदार
तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी